घास अडतो तेव्हा : पक्षाघाताचे वृद्ध रुग्ण आणि नाकातील नळी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचा एक आग्रह आपणां सर्वांना ठाऊक आहे. व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्याच्या पदरात काहीतरी उपयोगाचे पडले पाहिजे, असे ते म्हणत. तो आग्रह ध्यानात ठेवून मी आज एक साधा, घरगुती वाटणारा आणि तरीही प्राणाशी गाठ घालणारा विषय निवडला आहे. पक्षाघात झालेल्या वृद्ध माणसाला नाकातून नळी घालून अन्न दिले जाते. ही नळी केव्हा तारते, केव्हा मारते, आणि यात घरच्या माणसांचा वाटा किती, हे समजावून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

शाळेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, बीदर आणि कलबुर्गी या आपल्या दोन जिल्ह्यांत पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यात फार तर आठपंधरा दिवस राहतो. पुढे तो नळीसकट घरी येतो. मग दिवसातून सहा वेळा त्या नळीतून अन्न घालण्याचे काम सुनेकडे, मुलीकडे, पुष्कळदा नववी-दहावीतल्या नातवंडाकडे येते. माझ्या समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी ते काम केले असेल; काहींना ते पुढे करावे लागेल. म्हणून हा विषय जितका वैद्यांचा तितकाच तुमचा आहे.

गिळणे ही सोपी क्रिया नाही

आपल्याकडे या आजाराला लकवा म्हणतात. जुनी माणसे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. शेजारच्या कन्नड घरात तो पार्श्ववायु असतो. नाव कोणतेही असो, घडते ते एकच. मेंदूला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो.

हात-पाय गेलेले सर्वांना दिसतात. घसा गेलेला कोणाला दिसत नाही. घास तोंडातून पोटाकडे जाताना घशात एक चौक लागतो. तेथे अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी उघडतात. घास येताच स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण पडते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे दार उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात होते. त्यासाठी तिसाच्या आसपास स्नायूंना ठरलेल्या क्रमाने काम करावे लागते. मेंदूकडून येणारी आज्ञा विस्कळीत झाली की हा क्रम चुकतो, आणि घास किंवा पाणी फुप्फुसात उतरते.

पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गिळण्यात दोष आढळतो. त्यातला सर्वांत घातक प्रकार निःशब्द असतो. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेत पाण्याचा थेंब गेला तर तो ठसक्याने बेजार होतो. वृद्ध रुग्णाची ठसक्याची संवेदनाच बोथट झालेली असते, त्यामुळे पाणी फुप्फुसात जाऊनही तो शांत असतो. घरच्यांना वाटते, ‘बरे गिळतात की.’ दोन दिवसांनी ताप येतो, छाती घरघरू लागते आणि न्युमोनियाचे निदान होते. म्हणून पक्षाघात झालेल्या माणसाच्या तोंडात, गिळण्याची तपासणी होईपर्यंत, पाणी, चहा, औषधाची गोळी किंवा तीर्थही घालू नये. आजाऱ्याच्या तोंडात चमचाभर पाणी घालणे ही आपल्याकडे मायेची खूण मानली जाते. या एका आजारात ती माया आवरावी लागते.

ही तपासणी महागड्या यंत्राने करावी लागते असे नाही. रुग्ण पुरेसा जागा आहे ना, हे पाहून त्याला बसते करायचे, थोडेथोडे पाणी द्यायचे, आणि ठसका, ओला घरघरीत आवाज किंवा श्वासातील बदल टिपायचा, हे प्रशिक्षित परिचारिका खाटेजवळच करू शकते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात विभागांत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे परिचारिकांना ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तीनच गोष्टी काटेकोरपणे सांभाळण्याचे शिक्षण दिले गेले. तसे शिक्षण न दिलेल्या विभागांत तीन महिन्यांनंतर १०० पैकी ५८ रुग्ण दगावले किंवा परावलंबी झाले होते. शिक्षण दिलेल्या विभागांत ही संख्या ४२ होती. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ शिस्तीने हा फरक पडला.

नळीची थोडी हकिकत

गिळता न येणाऱ्याला नळीने अन्न देण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७९० मध्ये घशाचे स्नायू लुळे पडलेल्या एका रुग्णासाठी ईल माशाच्या कातड्याची नळी वापरली आणि तिच्यातून अंडी, दूध असे पातळ अन्न पोटात पोचविले. तो रुग्ण बरा झाला आणि स्वतः गिळू लागला. पुढे १९२१ मध्ये लंडनच्याच गाय्ज हॉस्पिटलमधील जॉन राइल यांनी पोटातील आम्ल तपासण्यासाठी रबराची बारीक नळी प्रचारात आणली. आपल्या दवाखान्यांत जिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात, तिला हे नाव त्यांच्यावरून मिळाले. आता ती प्लॅस्टिकची असते, स्वस्त असते आणि तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते.

हंटरच्या हकिकतीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. त्यांची नळी तात्पुरती होती. घसा सुधारेपर्यंत माणूस जगवायचा, एवढेच तिचे काम. पक्षाघातातही बहुतेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. गिळण्याची आज्ञा देणारी केंद्रे मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतात. एक बाजू निकामी झाली तरी दुसरी हळूहळू ते काम अंगावर घेते. त्यामुळे नळी घातली म्हणजे सारे संपले, असे घरच्यांनी समजू नये. आणि नळी घातली म्हणजे सारे निभावले, असे वैद्यांनीही समजू नये.

नळी चुकते कशी?

नळी नाकातून आत सरकविताना ती घशातल्या त्याच चौकात येते. तेथून ती अन्ननलिकेत जावी अशी अपेक्षा असते. पण घालणाऱ्याला आतले काही दिसत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सुमारे ९,९०० नळ्यांची नोंद तपासली गेली. त्यांतील १८७, म्हणजे शंभरात जवळजवळ दोन, श्वासमार्गात गेल्या होत्या. ३५ जणांच्या फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा साठली आणि त्यांतील निदान पाच जण दगावले.

निरोगी माणसाच्या श्वासनलिकेत नळी शिरली तर तो जोराने खोकेल, नळी उपटून टाकील. पक्षाघाताचा वृद्ध रुग्ण गुंगीत असतो, त्याचा खोकला क्षीण असतो, आणि ‘दुखते आहे’ हे सांगायला वाचाही राहिलेली नसते. म्हणजे ज्याला नळीची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच बाबतीत चूक लपून राहण्याची शक्यता सर्वांत अधिक.

नळी पोटात आहे की नाही हे तपासण्याची आपल्याकडची रूढ पद्धत सर्वांनी पाहिली असेल. सिरिंजने नळीत हवा मारायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ‘फुस्स’ असा आवाज ऐकायचा. ही पद्धत विश्वासार्ह नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा आहे; फुप्फुसाच्या तळाशी किंवा अन्ननलिकेत सोडलेल्या हवेचा आवाजही पोटावर ऐकू येतो. नळीचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याची पद्धतही तशीच फसवी आहे. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्येच या पद्धती वापरू नयेत असे कळविले. त्याऐवजी नळीतून थोडा द्रव ओढून त्याची आम्लता कागदी पट्टीवर पाहावी, पीएच ५.५ किंवा त्याहून कमी असेल तर टोक जठरात आहे असे समजावे. द्रव मिळाला नाही किंवा आकडा त्याहून अधिक आला तर छातीचा एक्स-रे काढावा.

येथे विद्यार्थ्यांच्या ध्यानात एक गोष्ट यावी. रसायनशास्त्राच्या तासाला तुम्ही निळा लिटमस तांबडा होताना पाहता. तो केवळ ‘आम्ल आहे’ एवढेच सांगतो. किती आहे हे सांगत नाही. म्हणून येथे लिटमस चालत नाही, आकडे दाखविणारी पीएच पट्टी लागते. शिवाय ज्या वृद्धाला आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्याच्या जठरातला द्रवही कमी आम्ल असू शकतो. तेथे एक्स-रेचाच आधार घ्यावा लागतो. नळी पहिल्यांदा घातल्यावर, अन्नाचा पहिला थेंब आत जाण्यापूर्वी, ‘नळी पोटातच आहे हे कशावरून ठरविले?’ असे नम्रपणे विचारण्याचा प्रत्येक नातेवाइकाला अधिकार आहे.

जागेवरची नळीही निर्धोक नसते

नळी योग्य जागी बसली तरी काही त्रास संभवतात. पहिला नाकाचा. या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात. त्यामुळे नळी घालताना नाकातून रक्त येऊ शकते. चिकटपट्टी एकाच जागी घट्ट बसवली तर नाकपुडीच्या कडेला व्रण पडतो. म्हणून पट्टी नियमाने बदलावी आणि नळीचा दाब कडेवर येऊ देऊ नये.

दुसरा त्रास नळी निघून येण्याचा. अर्धवट शुद्धीतला रुग्ण चांगल्या हाताने नळी ओढतो. मग आपल्याकडे सर्रास तो हात खाटेला बांधतात. हात बांधणे हा सोपा उपाय खरा, पण त्याने माणूस अधिक घाबरतो, आणि जो एक हात चालतो आहे तोही अडकून पडतो. हातात जाड मऊ पिशवीसारखा मोजा घालणे, जवळ माणूस बसविणे, नळी गालावरून कानामागे नेऊन डोळ्यांआड ठेवणे, हे उपाय आधी करून पाहावेत.

निघालेली नळी घरी परत आत ढकलणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. एखादे जेवण चुकल्याने सहसा माणूस दगावत नाही. चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून घातलेल्या एका जेवणाने दगावू शकतो. नाकपुडीपाशी नळीवर शाईने एक खूण करून ठेवावी आणि प्रत्येक वेळी अन्न घालण्यापूर्वी ती पाहावी. खूण सरकलेली दिसली, किंवा मोठा ठसका अथवा उलटी झाली, तर अन्न थांबवून दवाखाना गाठावा. रुग्णाला इन्सुलिन दिलेले असेल तर उशीर करू नये, कारण अन्नाविना साखर धोकादायक इतकी उतरते.

तिसरा आणि सर्वांत मोठा त्रास न्युमोनियाचा. नळी घातली म्हणजे न्युमोनिया टळला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. नळी घासाला वळसा घालून नेते, पण लाळेचे काय? दिवसभरात तयार होणारी लाळ त्याच लुळ्या घशातून खाली जाते, आणि अस्वच्छ तोंडातील जंतू तिच्याबरोबर फुप्फुसात उतरतात. शिवाय नळीमुळे जठराच्या तोंडावरची झडप किंचित उघडी राहते आणि आडव्या माणसाच्या पोटातले अन्न वर येते. यावरचे उपाय साधे आहेत. अन्न देताना आणि नंतर निदान अर्धा ते एक तास रुग्णाचे धड ३० ते ४५ अंश उचललेले असावे. आणि सकाळ-संध्याकाळ दात, जीभ व टाळू स्वच्छ करावी. जो तोंडाने जेवत नाही त्याचे तोंड कशाला धुवायचे, हा प्रश्न मी पुष्कळ घरांत ऐकला आहे. वस्तुतः त्याचेच तोंड सर्वांत अधिक जपावे लागते.

काय घालावे, किती घालावे

कलबुर्गी ही तुरीची भूमी. २०१९ मध्ये येथील तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या घरात डाळीची पोती रचलेली असतात, त्याच घरातील नळीवरचा वृद्ध उपासमारीने खंगतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. नळी अडकू नये या भीतीने घरची माणसे वरणाचे निवळ पाणी, चहा आणि नारळपाणी यांवरच त्याला ठेवतात.

थोडा हिशेब करू. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण १,२५० ते १,५०० कॅलरी लागतात. गाईच्या एक लिटर दुधातून सुमारे ६०० ते ६५० कॅलरी मिळतात. म्हणजे केवळ दुधावर ठेवले तरी दोन लिटरांहून अधिक लागेल. मग निवळ पाण्याने काय साधणार? मुगाचे किंवा तुरीचे पूर्ण शिजलेले वरण, तांदळाची किंवा नाचणीची पेज, दूध, थोडे तेल किंवा तूप हे मिक्सरमध्ये एकजीव करून बारीक गाळणीतून गाळावे. एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, आपल्या भाराने हळूहळू उतरू द्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण वैद्याकडून ठरवून घ्यावे. जो बरेच दिवस उपाशी आहे त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार देऊ नये. उपाशी शरीरात अचानक अन्न गेले की रक्तातील फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने घटतात आणि हृदयावर ताण येतो. म्हणून प्रमाण काही दिवसांत चढवीत न्यावे.

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. सकाळी केलेले मिश्रण दुपारपर्यंत आंबते आणि जुलाब सुरू होतात. मग दोष नळीला दिला जातो. मिश्रण ताजे करावे किंवा शीतकपाटात ठेवावे, भांडी व सिरिंज उकळत्या पाण्याने धुवावीत, हात साबणाने धुवावेत.

नळी तुंबण्याचे कारण पुष्कळदा अन्नाऐवजी औषध असते. प्रत्येक गोळी वेगळी कुटून पाण्यात विरघळवावी, आणि आधी व नंतर सुमारे ३० मिलिलिटर पाणी सोडावे. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या आणि विशिष्ट आवरणाच्या गोळ्या कुटू नयेत. कुटल्यास दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते किंवा वाया जाते. झटक्यांवरचे फेनिटॉइन हे औषध आहाराबरोबर दिल्यास नीट शोषले जात नाही. ‘यातल्या कोणत्या गोळ्या कुटता येतील?’ हा प्रश्न घरी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

पोटातून नळी : घाई आणि पुरावा

काही रुग्णांचे गिळणे लवकर सुधारत नाही. त्यांच्यासाठी पोटाच्या भिंतीला लहान छिद्र पाडून थेट जठरात नळी बसविण्याची सोय आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे गॉडरर आणि पोन्स्की यांनी १९७९ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने ती प्रथम लहान मुलांत बसविली आणि १९८० मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. तिला ‘पेग’ म्हणतात.

ही नळी नाकात टोचत नाही, सहज निघत नाही. मग पहिल्याच आठवड्यात ती का बसवू नये? १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये केवळ ३० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात पेगचा फार मोठा लाभ दिसला. सहा आठवड्यांत नाकातील नळीच्या गटात शंभरी ५७ मृत्यू, तर पेगच्या गटात १२. त्यावरून पुष्कळांनी घाईने निष्कर्ष काढले. पुढे ‘फूड’ नावाचा अनेक देशांतील मोठा प्रयोग झाला आणि २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात ३२१ रुग्णांची नाकातील नळी आणि पेग अशी तुलना होती. पेगच्या गटात मृत्यू किंवा गंभीर परावलंबन यांचे प्रमाण शंभरात जवळजवळ आठाने अधिक निघाले. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात, ८५९ रुग्णांत, नळीचा आहार लवकर सुरू केलेल्यांत मृत्यू शंभरात सुमारे सहाने कमी दिसले. मात्र हा फरक योगायोगाचा असण्याची शक्यता पूर्णपणे वगळता आली नाही, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळजण गंभीर अपंगत्वासह जगले. तीस रुग्णांचा प्रयोग आणि शेकडोंचा प्रयोग यांत कोणावर विसंबावे, हे गणिताच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

म्हणून आजचा मार्ग असा : आहार पहिल्या आठवड्यातच सुरू करावा, तो नाकातील नळीने, आणि दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ गिळता येणार नाही असे दिसले, तर पेगचा विचार करावा. पेगचेही धोके आहेत. छिद्राभोवती जंतुसंसर्ग होतो, अन्न झिरपते, क्वचित आतड्याला इजा होते, रक्तस्राव होतो किंवा आतली चकती जठराच्या भिंतीत रुतून बसते. पहिल्या काही आठवड्यांत, मार्ग पक्का होण्यापूर्वी, ती निघाली तर अन्न पोटाच्या पोकळीत सांडून प्राणावर बेतते. मार्ग पक्का झाल्यावर निघाली तर छिद्र काही तासांतच आकसू लागते. दोन्ही वेळी ताबडतोब दवाखाना गाठणे हाच उपाय.

भाषेची सीमा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा विभागला गेला. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद एका राज्यात राहिले. उदगीर, निलंगा, अहमदपूर दुसऱ्या राज्यात गेले. माणसांच्या सोयरिकी मात्र विभागल्या गेल्या नाहीत, आणि आजारपणातल्या वाटाही नाहीत. गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी, आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये निघाली. आपला रुग्ण कधी कलबुर्गीला, कधी बीदरला, कधी सोलापूर-लातूरला, तर कधी हैदराबादला जातो.

या प्रवासात एक धोका असा आहे की ज्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. आपण ‘गिळणे’ म्हणतो. कन्नड परिचारिका ‘नुंगुवुदु’ म्हणते. दखनी बोलणारा शेजारी ‘निगलना’ म्हणतो. हैदराबादला ‘मिंगडम्’ कानी पडते. आणि घरी जाताना मिळणारा कागद इंग्रजीत असतो. ‘तोंडाने काही देऊ नये’ ही सूचना त्या कागदावर तीन इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असते. ती तीन अक्षरे घरी कोणी उलगडली नाहीत, तर संध्याकाळी पाहुण्यांसमोर आजोबांच्या तोंडात चहाचा घोट जातो. रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. त्याची वाचा गेलेली असते. दोन-तीन भाषा जाणणारा शाळकरी मुलगा अशा वेळी घराचा दुभाषी होतो.

त्याने दवाखान्यातून निघताना वहीत पाच उत्तरे लिहून घ्यावीत. नळी किती सेंटिमीटरवर बसविली आहे? तोंडाने काय चालेल, काय चालणार नाही? कोणते औषध कुटायचे नाही? गिळण्याची पुन्हा तपासणी कोणत्या दिवशी? नळी निघाली तर रात्री कोठे जायचे? ही वही रुग्णाच्या उशाशी ठेवावी. यांतला चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पुन्हा तपासणीच न झाल्यामुळे घसा सुधारूनही महिनोन् महिने नळी तशीच राहिलेले वृद्ध मी पाहिले आहेत.

माणसाची इच्छा

शेवटी एक नाजूक बाब. पक्षाघात फार मोठा असेल, वय फार झाले असेल आणि सुधारणेची आशा उरली नसेल, तेव्हा नळी घालावी की नाही, हा प्रश्न वैद्यकाबरोबर मनाचाही होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग, मूळच्या आपल्याच राज्यातील हळदीपूरच्या, १९७३ मधील हल्ल्यानंतर ४२ वर्षे तेथे होत्या. त्यांचा आजार पक्षाघाताचा नव्हता. पण तेथील परिचारिकांनी त्यांना वर्षानुवर्षे मऊ केलेले अन्न हाताने भरविले. नाकातील नळी शेवटच्या काही वर्षांत आली. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी उपचार थांबविण्याच्या प्रश्नाचा प्रथमच सविस्तर विचार केला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने, आपल्याला कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य झाला; २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली, आणि कर्नाटक शासनाने जानेवारी २०२५ मध्ये त्यासंबंधी आदेश काढला.

कायदा वाट दाखवितो. निर्णय मात्र घरातच बोलून घ्यावा लागतो. वैद्याने सांगावे की नळी किती दिवसांसाठी आहे, तिच्यापासून काय साधेल आणि ते साधले नाही तर काय करायचे. ठरावीक मुदतीसाठी नळी घालून पाहणे आणि नंतर पुन्हा विचार करणे हा योग्य मार्ग पुष्कळदा उपलब्ध असतो. आणि आपल्या वडीलधाऱ्यांना, ते धडधाकट असताना, ‘तुम्हाला काय आवडेल?’ असे विचारणे अशुभ नाही.

मित्रहो, नळी पोटात पोचविणे हे काही मिनिटांचे काम आहे. तिच्या आधीची गिळण्याची तपासणी, घालतानाची खात्री आणि नंतरच्या प्रत्येक दिवसाची निगा यांवर माणसाचे तरणे अवलंबून असते. यांतील निगा सर्वस्वी घराच्या हाती आहे. तिला लागते ती स्वच्छता, वेळेचे भान आणि वाचता-लिहिता येणारा एक दक्ष माणूस. असा माणूस प्रत्येक घरात देणे हे शाळेचे काम, आणि ही शाळा ते करीत आली आहे.